चादरीतून आलेला आवाज

कानाची मशीन जुळवायला गावोगाव फिरणाऱ्या ताईंच्या लॅपटॉपला आराम म्हणून माहीत नव्हता. बसमध्ये मांडीवर त्याचं टेबल व्हायचं, मुक्कामाला त्यावर सिनेमा लागायचा, शेजारच्या प्रवाशाचा मोबाइल बंद पडला की चार्जिंगही त्यातूनच. "घेतलाय तर वसूल नको करायला?" ताई म्हणायच्या. त्या दिवशीही सगळ्या बसचे मोबाइल पोसत त्या शिंपीकाकांकडे पोचल्या, तर घरात वीज नाही आणि ज्यावर मशीन जुळवायची त्या लॅपटॉपची बॅटरी तळाला. घ्या! करा आता वसूल!

"आज नाही जमलं तर मशीन कपाटात टाकणार म्हणतात हे, कायमची," काकूंनी दारातच सांगितलं. "मग मी बोलायचं कुणाशी हो, भिंतींशी?"

ताईंनी पदर खोचला. बॅटरी खाणारं एकेक बंद केलं, स्क्रीनचा उजेड पार उतरवला. इतका, की दिवसाढवळ्या काही दिसेना. मग त्यांनी पलंगावरची चादर ओढली आणि लॅपटॉपसकट डोक्यावरून घेतली. चादरीखालून एक वायर तेवढी काकांच्या कानातल्या मशीनला गेली होती.

"काका, येतंय का ऐकू?" ताईंनी आतून विचारलं.

काका ढिम्म.

"काका, अहो!"

काही नाही. ताईंनी कपाळावर हात मारला. इतक्या खेपा समोर बसून विचारलं, दर वेळी काका "झकास!" म्हणाले. लबाड माणूस ओठ वाचत होता! आणि आपण शहाण्या, खूश होऊन पुढच्या गावाला!

आता त्यांनी मशीनचा आवाज नव्यानं, थोडाथोडा वाढवत नेला. आत घामाच्या धारा, बॅटरी शेवटच्या घटका मोजतेय.

"आता?"

"कुठून बोलताय?" काका दचकून म्हणाले.

ताईंनी झटकन सगळं मशीनमध्ये सेव्ह केलं आणि स्क्रीन काळी झाली. हुश्श! त्यांनी वायर काढली, चादर बाजूला टाकली.

मशीन जुळल्याचं काकूंच्या अजून ध्यानात आलं नव्हतं. त्या काकांच्या पाठीमागे, सवयीप्रमाणे स्वतःशीच पुटपुटत चादरीची घडी घालत होत्या. "ऐकू येत नाही हे आधीच खरं सांगितलं असतं तर! पण हट्टी मेला, जन्माचा हट्टी."

काका मागे न वळताच म्हणाले, "हट्टी कुणाला म्हणतेस गं?"

काकूंच्या हातातली घडी सुटली. "तुम्हालाच!" त्या रडत, हसत म्हणाल्या. "तुम्हालाच म्हणतेय, कितीतरी वर्षं!"