मेंढरांचं औषध

उमापूरच्या म्हाळूने दारू सोडायची शपथ एकदा नारायणगडावर घेतली, एकदा पोराच्या डोक्यावर हात ठेवून घेतली आणि एकदा तर दारूच्या दुकानातच घेतली. तिन्ही शपथा सारख्याच टिकल्या.

मग गेल्या उन्हाळ्यात तो भर दुपारी बाभळीखाली झिंगून पडला आणि मेंढरं डांबरीवर गेली. एका टिपरने दोन गाभण मेंढ्या चिरडल्या. त्याची बायको साखराबाई रडली नाही, ओरडली नाही. तिने त्याच्या हातातली काठी काढून घेतली आणि कळपाच्या पुढे चालू लागली. तेव्हापासून म्हाळू मागे, लंगडी कोकरं उचलायला. जन्मभर मेंढरांच्या पुढे चाललेला माणूस आता त्यांची धूळ खात होता. त्याला याचं फार वाईट वाटायचं, पण सांगणार कुणाला?

गावची आरोग्याची आशा सेविका उज्ज्वला, तिने त्याला वाट दाखवली. दर रविवारी गेवराईत एका शाळेच्या खोलीत दारू सोडणाऱ्यांची मिटिंग भरायची. "तिथं कुनी आडनाव इचारत न्हाई, मामा," ती म्हणाली. म्हाळू गेला. पोरांच्या बाकांवर थोराड माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. पुढे राधाकिशन, एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर. त्याने आधी नियम सांगितला: "इथं ऐकलेलं इथंच ऱ्हातं. भाईर जात न्हाई."

म्हाळूने याचा अर्थ असा घेतला, की आपण इथे येतो हेसुद्धा कुणाला सांगायचं नाही. बायकोलाही नाही. आजवर एवढं मोडलं, हे तरी पाळू, असं त्याने ठरवलं. आयुष्यात पाळायला म्हणून एक नियम धरला आणि तोच नेमका चुकीचा समजून घेतला.

तिथे प्रत्येक जण उभा राहून म्हणायचा, मी अमुक, मी दारुडा. म्हाळू उठायचा, "मी म्हाळू" एवढं म्हणायचा आणि खाली बसायचा. "निवांत हू द्या, गाडी काय सुटत न्हाई," राधाकिशन म्हणायचा. बाकी मागणं एकच होतं: आजचा दिवस पिऊ नका. जन्मभराच्या शपथा घेतलेल्या माणसाला हा सौदा फारच स्वस्त वाटला. त्याला संशय आला, पण त्याने सौदा केला. दुसऱ्या दिवशी परत केला. पावसाळा गेला, थंडी गेली, आणि सौदा टिकला.

अडचण गावाची होती. दर रविवारी गेवराईला कावून, असं कुणी विचारलं की तो म्हणायचा, "मेंढरांचं औषध आणाया." आणि खोटं पडू नये म्हणून जंताच्या औषधाची बाटली खरंच आणायचा. साखराबाई आधी बाटलीचा वास घ्यायची, मग नवऱ्याचा. दोन्हींत दारू सापडेना, त्यामुळे तिचा संशय आणखी वाढला.

ज्वारी निघाली. दरवर्षी गावचे मोठे जमीनदार विजयसिंह यांच्या मोकळ्या रानात म्हाळूची मेंढरं रात्री बसायची. रानाला खत मिळायचं आणि घराला वर्षाची ज्वारी. नवरा-बायको कळप घेऊन विजयसिंहांच्या बंगल्यासमोर उभी राहिली.

"यंदा न्हाई," विजयसिंह ओट्यावरून म्हणाले.

"कावून, मालक?" साखराबाईने विचारलं.

"माझ्या गोठ्यात दुभती जनावरं हायत. तुमच्या मेंढरांला कसला रोग हाय कुनाला ठाऊक! तुझाच नवरा दर ऐतवारी औषध आणतोय, समद्या गावानं बघितलंय."

साखराबाईने वळून म्हाळूकडे बघितलं. विजयसिंहांनी रोगाचं नाव घेतल्यावर गावात दुसरं कोणतंच रान मिळणार नव्हतं. म्हाळूला तो नियम आठवला, राधाकिशन आठवला.

"मेंढरं ठणठणीत हायत," तो म्हणाला. "रोग मला हाय."

"कसला?"

"मी म्हाळू. मी दारुडा."

विजयसिंह वैतागले. "अरे, ते शेंबड्या पोरालाबी ठाऊक हाय. ते कुठं इचारलं बे? मेंढरांचं सांग."

मग म्हाळूने मेंढरांचं सांगितलं, बाटल्यांचं सांगितलं, मिटिंगचंही सांगितलं. विजयसिंह पोट धरून हसले आणि म्हणाले, "बसवा सोमवारपासनं." साखराबाई हसली नाही. फाटकाबाहेर आल्यावर तिने विचारलं.

"समदे ऐतवार तिथंच जात व्हता?"

"तिथंच."

"मला कावून न्हाई सांगितलं?"

"नेम हाय त्यांचा. भाईरच्याला सांगायचं न्हाई."

"मी भाईरची व्हय?"



साखराबाईने काठी त्याच्यापुढे केली. "धरा जरा. पदर सुटलाय."

त्याने काठी धरली. तिने पदर सावकाश खोचला. मग एक लंगडं कोकरू उचलून काखेत घेतलं आणि ती कळपाच्या मागे जाऊन उभी राहिली.

"चला की पुढं," ती म्हणाली.