भोपळ्यावरची पहिली सुरी

आमच्याकडे अख्ख्या भोपळ्याला बाईनं पहिली सुरी लावायची नाही. भोपळा म्हणजे घरातला थोरला मुलगा, असं माझ्या सासूबाई म्हणायच्या. पुरुषानं एकदा दोन फाका केल्या की मग बाईनं चिरावा, शिजवावा. लग्न होऊन इचलकरंजीत आले, त्याच आठवड्यात त्यांनी माझ्या हातात एक भोपळा दिला आणि शेजारच्या ख्वाजाभाईंकडून कापून आणायला सांगितलं. मी बी.ए. झालेली, मला हसू आलं. पण गेले.

आमच्या गल्लीतले पुरुष दिवसा यंत्रमागावर असायचे. ख्वाजाचाचा एका कारखान्यात जॉबर होते, बिघडलेले माग दुरुस्त करायचे, आणि त्यांची पाळी रात्रीची. त्यामुळे दिवसा घरी सापडणारा पुरुष म्हणजे तेच. गल्लीतला प्रत्येक भोपळा त्यांच्या पायरीवर यायचा. झोपेतून उठून, डोळे चोळत, सुरी धुऊन ते एक वार करायचे. भोपळा चांगला निघाला तर तेवढ्या मूठभर बिया मागून घ्यायचे.

त्या बियांतूनच त्यांचं हे वेड सुरू झालं. घरामागं न्हाणीच्या सांडपाण्याजवळ हातरुणाएवढी जागा, तिथं ते दरवर्षी सर्वांत मोठ्या भोपळ्याचं बी लावायचे. निवृत्त झाल्यावर त्यांना दुसरं कामच उरलं नाही. सकाळी फुलं उमलली की नर फूल तोडून मादी फुलावर हलक्या हातानं टेकवायचं. वेलाला एकच फळ ठेवायचं. फळाखाली वाळू, वर कारखान्यातल्या टाकाऊ कापडाचा मांडव. दर जुम्याला ते फळाभोवती सूत गुंडाळून माप घ्यायचे आणि ते सूत खिळ्याला टांगायचे. खिळ्यावर सुतं लांब लांब होत जायची.

थंड मुलखात माणूस आत बसून होडीसारखा वल्हवत नेईल एवढा भोपळा होतो, हे त्यांनी मोबाईलवर बघितलं होतं. आमच्याकडं चैत्रातलं ऊन. फळ वाढतं ते रात्रीच्या गारव्यात, दिवसभर नुसतं तग धरतं. जयसिंगपूरजवळच्या एका गावात चैत्रातच जत्रा असते. तिथं भाजीपाल्याची स्पर्धा भरते, आणि सर्वांत वजनदार भोपळ्याला फेटा बांधतात. नियम एकच, फळ अखंड हवं. तडा गेलेलं फळ काट्यावर चढवत नाहीत. चाचा दोनदा दुसरे आले होते. पहिला नंबर हंबीरराव नावाच्या, नदीकाठी काळी जमीन असलेल्या शेतकऱ्याचा. गेल्या साली त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं होतं, "काय पावणं, भोपळा मागावर इणून आणलासा व्हय?" लोक हसले. चाचाही हसले. पण तो फेटा त्यांच्या मनात राहिला. घरी येऊन बायकोला, आमच्या सलिमाचाचींना म्हणाले, एकदा तरी बांधून घेतो, मग बस्स.

चाचांना ऐकायला कमी येतं. मागांच्या खडखडाटानं कान गेले. गल्ली त्यांच्याशी ओरडून बोलते. चाची मात्र हळूच बोलतात आणि त्यांना सगळं कळतं, कारण चाचांची नजर चाचींच्या ओठांवर असते. चाची भोपळ्याला सवत म्हणतात. "सवतीला मांडव, आणि मला एक छत्री न्हाय," हे मी कितीदा ऐकलंय.

यंदाचा भोपळा दोघांच्या कवेत मावत नव्हता. सूत खिळ्यावरून खाली जमिनीला टेकलं होतं. जत्रा चार-पाच दिवसांवर आली आणि चाचांना एका मयतीला जयसिंगपूरला जावं लागलं. जाताना ते चाचींना काही सांगून गेले नाहीत. सवतीचं सगळं तेच बघायचे, त्यामुळे सांगायची वेळ कधी आलीच नव्हती.

त्या दुपारी मी गच्चीवर कुरडया वाळत घालत होते. खाली चाची वेलापाशी उभ्या होत्या. सगळी पानं मान टाकून लोंबत होती.

"सूनबाई, बघ की गं, पाक माना टाकल्यात. म्हातारा आला तर मला जित्ती ठेवायचा न्हाय."

त्यांनी नळाला पाईप लावला आणि आळं भरेपर्यंत पाणी सोडलं. मग आणखी सोडलं. पदरानं पानं पुसली. माझा मुलगा आदर्श पुण्याला वसतिगृहात राहतो. फोनवर त्याचा आवाज जरा उतरलेला वाटला की मीही असंच करते, जेवलास का, झोपलास का, पैसे पाठवू का.

संध्याकाळी चाचा आले तेव्हा पानं ताठ उभी होती. चाची खुशीत होत्या. भल्या पहाटे त्यांना घरामागून आवाज आला, कोरं कापड फाडावं तसा. चाचांना तो ऐकू गेला नाही. उजाडल्यावर दिसलं, देठापासून खालपर्यंत बोट जाईल एवढा तडा.

आरडाओरडा ऐकून आम्ही सगळ्याच धावलो. चाचा उकिडवे बसले होते. त्यांनी आळ्यातल्या चिखलावर तळहात दाबला. मग भिंतीकडं पाहिलं. पाईप खुंटीला नीट गुंडाळून ठेवला होता. चाचा तो कधीच गुंडाळत नाहीत, जमिनीवर टाकतात. दुपारच्या उन्हात पानं मान टाकतातच आणि सांजेला आपोआप उठतात, तहानलेल्या फळाला एकदम पाणी मिळालं की ते आतून फुगून फुटतं, हे मला त्यांनी नंतर कधीतरी सांगितलं. तेव्हा त्यांनी नुसते हात पुसले आणि म्हणाले, "औंदा ऊनच लई."

चाची दोन दिवस धड जेवल्या नाहीत. चहा केला की कप चाचांपुढं ठेवून आत निघून जायच्या.

फुटलेलं फळ किती दिवस ठेवणार? जत्रेच्याच सकाळी कापायचं ठरलं. गल्लीतल्या बायका पातेली, परड्या घेऊन आल्या. कुणीतरी म्हणालं, हंबीररावांना काय कळणार, त्यांना हरवणारा भोपळा आज गल्ली खाणार. चाचांनी सुरी धुतली, आणि ती चाचींच्या हातात दिली. चाचींनी घेतली, पण भोपळ्याला लावली नाही.

"म्या घातलं पाणी," त्या म्हणाल्या. "भर दुपारचं. म्याच घातलं."

त्या चाचांकडं तोंड करून बोलल्या होत्या. चाचांनी कानामागं हात नेला, मान हलवली, ऐकू न आल्याची खूण केली. मग चाचींच्या मुठीवर आपली मूठ ठेवली आणि तड्यातून सुरी खाली ओढली.

आतला गर शेंदरासारखा निघाला. गल्लीभर घारग्या झाल्या. दुपारी चाची पायरीवर बिया धूत होत्या आणि चाचा त्यातल्या टपोऱ्या निवडून बाजूला ठेवत होते. मी घारग्यांचं ताट द्यायला गेले होते.

"पुढल्या साली पाणी तुझ्याकडं," चाचा बियांकडं बघत म्हणाले. "फकस्त दिस मावळल्यावर घालायचं. थोडं थोडं."

चाचींचा हात पाण्यातच थांबला. "म्हंजे ऐकू आलतं व्हय तुमाला?"

चाचांनी पुन्हा कानामागं हात नेला.