बायकोच्या नावचा केसपेपर

पंचाहत्तरच्या आसपास मी ताडकळसजवळच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर होतो. नोकरी अजून कायम झाली नव्हती. आमच्या घराण्यातली ती पहिली सरकारी नोकरी. मायनं दुसऱ्यांच्या रानात कापूस वेचून मला शिकवलेलं, त्यामुळे ती नोकरी एकट्या माझी नव्हतीच. आणि नेमकं त्याच वर्षी फळ्याकडं तोंड केलं की माझी छाती धडधडायला लागली. हातातला खडू घामानं ओला व्हायचा, श्वास अर्ध्यात अडकायचा, आता आपण पोरांसमोर पडणार असं वाटायचं. पडलो कधीच नाही. पण पडणार या धाकातच दिवस सरायचा.

परभणीच्या एका डॉक्टरनं छातीच्या ठोक्यांची पट्टी काढली. ती चांगली निघाली. "दुखणं मनाचं आहे," असं म्हणून त्यानं दुसऱ्या एका डॉक्टरला चिठ्ठी दिली. हा दुसरा औरंगाबादहून पंधरा दिवसांतून एकदा यायचा आणि त्याच गल्लीत बसायचा. मला त्या चिठ्ठीचाच संशय आला. मनाचं म्हणजे डोक्याचं, आणि डोक्याचं म्हणजे वेडाचं. कंपाउंडरनं चिठ्ठी वाचली असणार, त्याचा कुणीतरी शिक्षण खात्यात असणार, आणि माझी कायम होण्याची फाईल निघाली की तो साहेबाच्या कानाला लागणार. शेजारणीनं अंगारा लावायला सांगितलं. पण आम्ही दीक्षा घेऊन देव सोडल्याला वीस वर्षं होत आलेली, तीही वाट बंद होती. शेवटी मी माझ्याच डोक्यानं तोड काढली. डोकं ठिकाणावर नसताना काढलेली तोड ती.

आमच्याकडं बाई दवाखान्यात गेली तरी बोलतो नवराच. बाई स्टुलावर बसून पदर सावरते आणि नवरा सांगतो, हिला असं होतं, हिला तसं होतं. डॉक्टरही त्यालाच विचारतात. मग मी बायकोला पुढं करून माझं सगळं दुखणं तिचं म्हणून सांगितलं, तर कुणाला काय कळणार होतं? केसपेपर तिच्या नावचा, गोळ्या मी खायच्या. मी तिला हे सांगितलं तेव्हा ती ज्वारी पाखडत होती.

"लिहा माझं नाव," ती म्हणाली. "मला कुठं नोकरीला जायचंय."

इतक्या सहज हो म्हणाली म्हणून मला तिचाही संशय आला.

डॉक्टर चष्मेवाला, हळू बोलणारा. मला असली माणसं आवडत नाहीत, ती हळू बोलून आपल्याला बोलतं करतात. मी म्हणालो, "हिला चार माणसांसमोर उभं राहिलं की धडधडतं."

"बाई चार माणसांसमोर कुठं उभ्या राहतात?" त्यानं विचारलं.

"आडावर," मी म्हणालो. "पाण्याला."

त्यानं लिहून घेतलं. मग पेन खाली ठेवून म्हणाला, "तुम्ही जरा बाहेर बसा. बाईंना बोलू द्या."

हे माझ्या हिशोबात नव्हतं. मी बाकावर जाऊन बसलो आणि कान पडद्याकडं लावले. कंपाउंडरनं दोनदा डोळे वटारले, तरी लावले. आतून काही शब्द कळेना. अर्धा तास झाला. बायको माझ्याशी एका वेळी कधी अर्धा तास बोललेली मला आठवेना. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते.

परतीच्या एसटीत मी तिला धरलं. "सांगितलंस ना, दुखणं माझं म्हणून?"

"न्हाई."

"मग अर्धा तास काय बोललीस?"

"झोप येती का म्हून विचारलं. म्हणलं, न्हाई येत. हे उठून बसत्यात, मग मला कशाची झोप." मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आजवर कुणी विचारलं नव्हतं."

माझा विश्वास बसला नाही. पुढचे चार महिने मी तिला प्रत्येक खेपेनंतर असाच खोदून विचारत राहिलो. ती न चिडता डॉक्टरनं सांगितलेलं माझ्यापर्यंत आणून पोचवायची. धडधड सुरू झाली की पळू नका, उभं राहा, श्वास मोजत सोडा, ती भीती आपणहून उतरते. गोळी घेऊन मी तसं करून बघितलं, मनातून डॉक्टरला शिव्या देत. गुण आला. डिप्टी साहेब तपासणीला आला त्या दिवशी मी अख्खा धडा फळ्याशी उभं राहून शिकवला.

त्यानंतर एका दुपारी शाळेतून लवकर घरी आलो. आमचं पोरगं तेव्हा आठ महिन्यांचं. ते माझ्या मायच्या मांडीवर रडत होतं आणि बायको हात मांडीत धरून लांब उंबऱ्यापाशी बसली होती. आमच्या भावकीतल्या एका बाईनं आम्हाला त्या दवाखान्यात पाहिलं होतं आणि येऊन मायच्या कानावर घातलं होतं.

"पाजायपुरतं देते तिच्याजवळ," माय म्हणाली. "तेबी मी समोर बसून. डोस्क्यात फरक पडलेली बाई, लेकरू आडात टाकलं म्हंजे?"

"कवापासून?" मी विचारलं.

"आठ दिस झाले."

साऱ्या जगावर संशय घेणारा मी, आणि माझ्या घरातलं हे मला आठ दिवस दिसलं नव्हतं. बायकोनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. तेव्हाच मी बोलायला हवं होतं. बोललो नाही. फाईल साहेबाच्या टेबलावर होती. आणखी पंधरा दिवस मी त्या घरात जेवलो आणि ते सगळं बघत राहिलो. याची मला आजही लाज वाटते.

शेवटी एका संध्याकाळी मायसमोर बसलो. "माय, ती चांगली हाय. दुखणं माझं हाय. दवाखाना माझा, गोळ्याबी माझ्याच."

 मायच्या डोळ्यांत पाणी आलं.

"लय गुणाचा हायेस बाबा," ती म्हणाली. "बायकोचं झाकायलास."

मी उठून गोळी आणली आणि तिच्यासमोर तोंडात टाकायला लागलो, तर तिनं माझं मनगट धरलं. "तिच्या गोळ्या तू खाऊ नको. तुला काय झालं म्हंजे?" मी ओरडलो, शपथा घेतल्या. केसपेपर पुढं करावा तर त्यावर नाव तिचं. मग मी मायच्या मांडीवरून पोरगं उचललं आणि बायकोच्या ओटीत दिलं. मायनं अडवलं नाही. वस्तीत मात्र बोलबाला झाला की मास्तर देवमाणूस, बायकोचं येड स्वतःच्या अंगावर घेतो.

महिन्याभरात मी कायम झालो. माय त्यानंतर नऊ वर्षं जगली. आम्हाला आणखी दोन लेकरं झाली. बायको त्यांना पाजायला बसली की माय हातातलं काम टाकून यायची आणि तिच्या हातांकडं बघत समोर बसून राहायची.