भाचीने पाठीला सांगितलेलं

अकरावीतल्या भाचीला क्लासवरून चिखलीला, माझ्या बहिणीकडे सोडत होते. सिग्नल सुटला आणि स्कूटरवर मागून ती माझ्या पाठीला म्हणाली, "मावशी, मी नसलेलंच बरं, असं वाटतं."

गाडी कडेला घेतली. वळून पाहिलं नाही.

"मरावंसं वाटतं का?"

"कधी कधी."

"आज?"

"आज नाही."

मला कामं ओळीने लावायची सवय आहे. त्याच संध्याकाळी बहिणीला सांगितलं, पोरीला एकटं ठेवायचं नाही असं ठरवलं आणि समुपदेशक बाईंची दुसऱ्याच दिवसाची वेळ घेतली. भाचीची अट एकच होती, बाबांना कळता कामा नये. ते चाकणला कंपनीत. "माझ्यासाठीच ओव्हरटाइम करतात. त्यांना काय सांगू, जगायचा कंटाळा आलाय?"

बाईंकडे बाहेर बसलो तेव्हा ती म्हणाली, "तूच सांग ना. तुला सगळं नीट मुद्देसूद सांगता येतं."

"तू अडकलीस तर मी आहेच. आधी तू."

आत गेल्यावर तिने झोप येत नाही म्हणून सांगितलं, अभ्यासाचं टेन्शन सांगितलं आणि गप्प झाली. माझ्या जिभेवर सगळं तयार होतं. पण मी एवढंच म्हटलं, "बाई, हिला समोर तोंड बघून बोलणं जमत नाही. पाठीशी बोलते. आणि तुम्ही घरी काय सांगाल, याची भीती आहे."

बाईंनी खुर्ची उचलून तिच्या शेजारी ठेवली. दोघी खिडकीकडे तोंड करून बसल्या.

"तुझ्या जिवाला धोका वाटला, तर मला घरी सांगावंच लागेल," बाई म्हणाल्या. "पण तुला आधी सांगितल्याशिवाय नाही. काय सांगायचं, कसं सांगायचं, ते आपण दोघी मिळून ठरवू. बाकी सगळं इथेच राहील."

भाची खिडकीकडेच बघत म्हणाली,

"मावशी, तू बाहेर बस."

बाहेर बसून मी काहीच केलं नाही. एरवी मला ते जमत नाही.

ती आली तेव्हा डोळे सुजलेले होते, पण चालणं मोकळं होतं.

"सांगितलं. पुढच्या आठवड्यात परत यायचंय. आणि बाबांना रविवारी सांगायचं, ते घरी असतात तेव्हा."

"कोण सांगणार?"

"मीच. तू आणि आई नुसत्या शेजारी बसा. आणि आईला म्हणावं, माझ्याआधी रडायला लागू नकोस."

"तिचं मी बघते," मी म्हटलं.