शेंगदाणा तेलावरची क्रांती

मोटारसायकल हे चैनीचं वाहन आहे, असं पत्रक मी स्वतः लिहिलं होतं. ते गावोगाव वाटायला एसटी मिळेना, म्हणून मी मोटारसायकल घेतली.

गोष्ट नव्वदच्या आसपासची. मी तेव्हा हुंडाविरोधी चळवळीत होतो. (चळवळ म्हणजे मी, दोन मित्र आणि धुळ्यातला एक सोशिक छापखाना.) गाव नरडाण्याजवळचं. सगळे मला 'लीडर' म्हणत, आणि म्हणताना हसत. भर सभेत मी गर्जना केली होती, "आमच्या घरातून हुंड्यात सुईसुद्धा जाणार नाही!" टाळ्या पडल्या होत्या. माझी धाकटी बहीण सुशी तेवढी पुटपुटली होती, "दादा, लग्न माझं आहे ना?"

गाडी हवी होती साधी, जुनी आणि ऐपतीतली. त्यासाठी जळगावला राशीदभाईंच्या गॅरेजवर गेलो. मी रुबाबात विचारलं, "कुठल्या कंपनीची घ्यावी?"

"जी सुरू होते त्या कंपनीची," राशीदभाई म्हणाले. "आन लीडर, रंग बघू नका. रंगाच्या खाली काय काय झाकलेलं असतं!"

त्यांनी कोपऱ्यातली एक गाडी ओढून काढली. तिला रंगच नव्हता, त्यामुळे झाकलेलं काहीच नव्हतं. मग त्यांनी प्लग खोलला, इंजिनाला टेकवला आणि किक मारली. टच्! निळी ठिणगी!

मी थक्क झालो. वर्षभर मी पत्रकांत 'ठिणगी पेटली आहे' असं लिहीत होतो. ठिणगी दिसते कशी, हे त्या दिवशी प्रथम पाहिलं. एवढीशी ठिणगी आणि तिच्यावर दोन माणसं, चार गठ्ठे आणि एक वांग्यांचं पोतं अमळनेरच्या पलीकडे जाणार! अशा शक्तीपुढे माणसाने नम्र व्हावं. मी नम्र झालो आणि भाव करायचा विसरलो.

"पेट्रोलमध्ये तेल मिसळायचं, प्लग साफ ठेवायचा, गाडी उभी केली की पेट्रोलचा कॉक, म्हणजे टाकीखालचा नळ, बंद करायचा," राशीदभाईंनी बजावलं. "सुरू करताना उघडायचा. विसरला तर गाडी थोडी जाईल, मग म्हणेल राम राम."

मी घरी येऊन हे सगळ्यांना सभेत सांगतात तसं सांगितलं. सुशीने ऐकलं. मी फक्त सांगितलं.

आणि नानांनी त्यातलं नेमकं एकच ऐकलं: तेल! नाना म्हणजे आमचे वडील, काटकसरीचा चालताबोलता पुतळा. घरात घाण्यावरून आणलेल्या शेंगदाणा तेलाचा डबा भरलेला असताना बाजारातून तेल विकत आणायचं? त्यांनी माझ्या मागे टाकीत मापटंभर ओतलं.

"नाना! ते इंजिनचं तेल वेगळं असतं!"

"तेल म्हणजे तेल शे," नाना शांतपणे म्हणाले. "माणूसले चालस, तर लोखंडले का बरं नही चालाव?"

आणि चाललं, हो! गाडीला मी साष्टांग नमस्कारच घालायचा बाकी ठेवला होता. फक्त मागून जो धूर निघे त्याला खमंग भज्यांचा वास येई. मी 'हुंड्याचा धिक्कार असो!' ओरडत गावात शिरे आणि लोक विचारत, "लीडर, भजा कोठे शेतस?" कुत्री मागे धावत, पण भुंकत नसत. आशेने धावत!

अशातच सुशीचं जमलं. मुलगा पिंपळनेरकडच्या आश्रमशाळेत मास्तर. पाहायला आला तेव्हा 'स्वयंपाक येतो का' असं न विचारता त्याने 'तुम्हाला काय आवडतं' असं विचारलं होतं, आणि सुशी तेव्हापासून भांडी घासताना गुणगुणायला लागली होती. त्याचे वडील दगाआबा मात्र पक्के. (नाव त्यांच्या आईने ठेवलं, मी नाही.) "आमले काही नको," ते म्हणत, आणि लगेच हळूच, "पोराले शाया लांब पडस, एवढंच." (शाया म्हणजे शाळा. आणि लांब म्हणजे मोटारसायकल.)

साखरपुड्याच्या दिवशी आमच्या दारात मांडव. उन्हाने सीट तापते म्हणून गाडी मी मांडवात आणून उभी केली. (खोटं कशाला बोलू? पाहुण्यांना दिसावी म्हणून.) आईने सकाळीच तिला हार घातला, कुंकवाचं स्वस्तिक काढलं, समोर नारळ ठेवला.

"आई! यंत्राची पूजा म्हणजे निव्वळ अंधश्रद्धा!"

"गप रे! लिंबू बांधलं नाही हे नशीब समज."

जीपमधून पिंपळनेरचे पाहुणे उतरले. दगाआबा मांडवात आले आणि गाडीसमोर थबकले. हार. कुंकू. नारळ. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी नानांना कडकडून मिठी मारली.

"याही! तुम्ही न सांगता समजी लिधं! वा रे वा! मोठं मन शे तुमनं!"

मांडवात टाळ्या! मी तोंड उघडलं, तर नानांनी माझ्या मांडीला असा चिमटा काढला की तोंडातून शब्दाऐवजी फक्त "अं!" निघालं. पाहुण्यांना वाटलं, भावाला गहिवर आला.

'नाही' म्हणालो तर भर मांडवात लग्न मोडणार, सुशीचं गुणगुणणं बंद. गप्प बसलो तर उद्या तालुकाभर ओरड: सुई न देणाऱ्याने मोटारसायकल दिली! माझ्या खोलीत पत्रकांचे नवे गठ्ठे तसेच पडलेले, वर ठळक अक्षरांत: 'वाहन मागणारा वर नव्हे, व्यापारी!'

"आधी चहा घ्या, मग आबा एक चक्कर मारतील!" पाहुण्यांतलं कुणीतरी म्हणालं. सगळ्यांचा आत घरात चहा झाला. दगाआबांनी धोतराचा सोगा खोचला, गाडीवर बसले, किक मारली. गाडी पहिल्या किकला सुरू! (माझ्यासाठी हरामखोर कधी झाली नव्हती.) भज्यांचा ढग सोडत आबा निघाले. मांडवातले लोक कौतुकाने बघत राहिले. एक म्हातारे पाहुणे ढग हुंगत म्हणाले, "जेवण लवकर दिसस."

आबा शाळेमागच्या नाल्याच्या चढापर्यंत दिसले. मग आवाज फट्... फट्... आणि राम राम.

आम्ही वाट पाहिली. मुहूर्त जवळ आला. आणि मग तो चढ उतरून, भर उन्हात, गाडी ढकलत आबा येताना दिसले! पांढऱ्या टोपीतून घामाच्या धारा, धोतरावर तेल, किक उलटी बसून नडगी सुजलेली. अंगाला असा वास की दोन कुत्री सन्मानाने दोन्ही बाजूंनी चालत होती.

मांडवात आल्या आल्या आबांनी गाडी सोडून दिली. ती माझ्या अंगावर आली.

"आमले काही नको!" आबा गरजले. "खरंच नको! हाई गाडी तुमले लखलाभ! आमना पोर्‍या पायी जाई शायामा!"

आयुष्यात एकदाच मला वेळेवर सुचलं. साखरपुड्याला आणलेला माइक मी हिसकावला.

"बंधू आणि भगिनींनो! आज पिंपळनेरच्या दगाआबांनी दारात आलेली मोटारसायकल नाकारून हुंड्याला लाथ मारली आहे!" (लाथ गाडीने आबांना मारली होती, पण असो.) मी गाडीचा हार काढून आबांच्या गळ्यात घातला. टाळ्या! शिट्ट्या! आबा आधी गोंधळले, मग हळूहळू ताठ झाले. सत्काराची चव मोठी वाईट. पाच मिनिटांनी तेच माइकवरून सांगत होते, "हुंडा घेवाले मी पयलेपासूनच इरोध करस!" मास्तर खाली बघून हसत होता. साखर वाटली, सुपारी फुटली, लग्न ठरलं.

पाहुणे गेले तसा मी छापखान्याकडे निघालो. विजयाचं पत्रक काढायला नको? गाडी पुन्हा पहिल्या किकला सुरू. मी मनातल्या मनात तिच्यापुढे हात जोडले. काय समज या यंत्राला! कुणाच्या बुडाखाली बंद पडावं हे बरोबर कळतं! नाल्याच्या चढावर पोचलो. फट्... फट्...

प्लग काढला, पुसला, फुंकला. ठिणगी येत होती. क्रांती होत नव्हती. शेवटी ढकलत घरी आलो. कुत्री माझ्याही दोन्ही बाजूंना होती.

सुशी ओट्यावर पाय सोडून उरलेला शिरा खात होती.

"दादा, कॉक उघड," ती म्हणाली.

मी वाकून पाहिलं. पेट्रोलचा कॉक बंद; दुपारभर थेंब थेंब ठिबकलं, तेवढ्यावरच मी चढापर्यंत गेलो होतो.

"हा बंद कुणी केला? मी तर कधीच करत नाही!"

ती मेंदीच्या हाताकडे बघत राहिली. "तुम्ही सगळे चहात होतात."

"सुशे! कुणी पाहिलं असतं तर?"

"पाहिलं ना. मास्तर पाण्याच्या निमित्ताने चहातून उठून मांडवात आले होते."

"मग? काय म्हणाले?"

"म्हणाले, नीट घट्ट फिरवा, अर्धवट राहिला तर ठिबकतो."

पत्रक मात्र मी काढलंच. ते आजही माझ्या कपाटात आहे. वर मथळा आहे: 'तरुण नेत्याच्या प्रखर जनजागृतीपुढे हुंड्याचं चक्र जागच्या जागी थांबलं!' चक्र थांबलं हे अगदी खरं आहे. आणि तरुण नेता ते ढकलत घरी आला, हेही.