लकव्याच्या खाटेशी बसणारे कारकून

नगरच्या दवाखान्यात लकव्याच्या रोग्यांना प्रश्न विचारायला एक कारकून यायचे. त्यांच्याकडे दोन कागद असत. एकावर चालण्या-जेवण्याचे प्रश्न, दुसऱ्यावर मनाचे. प्रश्न विचारून ते उत्तराची खूप वेळ वाट बघत.

लकवा झालेल्या आमच्या वडिलांना त्या दिवशी तिथून घरी सोडणार होते. पहिल्या कागदावर सगळं ठीक निघालं. मग कारकुनांनी वडिलांना हळूच विचारलं, "जगावंसं वाटतं का?"

"वाटतं की," माझा थोरला भाऊ घाईनं म्हणाला.

"त्यांना सांगू द्या," कारकून म्हणाले.

वडिलांनी नाही म्हणून मान हलवली.

भाऊ उसळला, "आजारी मानसाला असं इचारत्यात व्हय?"

कारकुनांनी उत्तर लिहिलं. डॉक्टरांकडे जाऊन म्हणाले, "साहेब, यांना आज सोडू नका."

वडील महिनाभर तिथंच राहिले. भाऊ रोज त्यांच्या उशाशी झोपू लागला.