पाढ्यातले थांबे

साताचा पाढा म्हणताना माझी मुलगी मधेच थांबायची. आज पस्तीसला, उद्या छप्पन्नला. दहा सेकंद भिंतीकडे टक लावायची, पापण्या बारीक फडफडायच्या, मग गाडी पुन्हा सुरू.

करावे गावातल्या आमच्या घरात दिवेलागणीला पाढे होतात. तळोज्याच्या कंपनीत दिवसभर कामगारांच्या हजेऱ्या लावून आले की पाढे घेणं माझ्याकडे. सोबत फूटपट्टी. सासूबाई म्हणायच्या, “पोरीला नजर लागली हाय.” आणि मीठ-मिरच्या ओवाळायच्या. मी म्हणायचे, नजर नाही, नखरे आहेत. थांबली की हातावर एक पट्टी. चुलीत जाणाऱ्या मिरच्यांपेक्षा माझा उपाय शास्त्रीय आहे, असं मला मनापासून वाटायचं.

मग शाळेतल्या बाईंनी वहीत लिहून पाठवलं: वर्गातही दिवसातून दहा-बारा वेळा अशीच थांबते, डॉक्टरांना दाखवा.

डॉक्टरीणबाईंनी मुलीच्या हातात कागदी भिरभिरं दिलं. “फुंकत राहा.” दीड मिनिटात भिरभिरं थांबलं, मुलगीही. बाई शांतपणे म्हणाल्या, “पेरू.” मुलगी परत फुंकायला लागली. “मी आत्ता काय म्हणाले?” “काही नाही.” डोक्याला वायरी लावून आलेख काढला, त्यातही तेच दिसलं. लहान मुलांच्या अपस्माराचा हा एक प्रकार. औषधाने बहुतेकांचा थांबतो. बऱ्याचदा आनुवंशिक असतो, पण नेमकं कुठे बिघडतं हे अजून पुरतं कळलेलं नाही. त्यावरच त्यांचं संशोधन चालू होतं. त्यासाठी एक फॉर्म भरायचा होता.

“घराण्यात कुणाला?” सोबत आलेल्या सासूबाईंनी मी तोंड उघडायच्या आधीच नकारार्थी मान हलवली. धाकट्या नणंदेसाठी स्थळं बघणं चालू होतं. पुढचा प्रश्न होता, झटका आल्यावर घरचे काय करत. सासूबाई कानाशी आल्या. “पानी देतो, असं लिव.”

माझा पेन बराच वेळ तिथेच अडकला. मला माझी भयंकर लाज वाटत होती. मग लिहिलं, ‘फूटपट्टीने मारत असे.’

बाईंनी वाचलं. मुलीला विचारलं, “आई मारायची तेव्हा तुला कळायचं?”

“आई कधी मारायची?” ती म्हणाली. “पाढे म्हणताना माझा हात आपोआप दुखायचा. सगळ्यांचाच दुखतो ना?”